भूगोलाचा कंगवा

त्याचे केस दाट होते. आधी हेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं नीट समजेल. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला इतके केस असू नयेत. काळेभोर, आणि कपाळावर असे येऊन पडायचे, की जणू खाली काय चाललंय ते त्यांनाही पाहायचंय. माझे पस्तिशीतच गेले. मी अमरावतीला राहायचो आणि बडनेऱ्याहून पॅसेंजरनं रोज अकोल्याला नोकरीला जायचो. खिडकीच्या वाऱ्यानं केस गेले, असं मी सगळ्यांना सांगे. त्यालाही एकदा सांगितलं. तो म्हणाला, "मंग इंजिनवाला तर जन्मताच टकला पायजे, फिजिक्स."

फिजिक्स म्हणजे मी. आमच्या स्टाफरूममध्ये माणसाला विषयानं हाक मारायची पद्धत होती. "मराठी आज रजेवर आहे," "केमिस्ट्रीच्या मुलीचं जमलं," असं सर्रास बोललं जाई. तो भूगोल. माझ्याआधी दोन वर्षं लागलेला, आणि तेवढ्यावर मला आयुष्यभर धाकटा समजणारा.

भूगोलाचा विषय उपग्रह. आता तुम्हीच सांगा, उपग्रह कुणाचा? प्रकाश, वर्णपट, कक्षा, सगळं फिजिक्सचं. भूगोलवाल्यांनी नकाशात नद्या निळ्या कराव्यात आणि गप्प बसावं. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन वरून मोजणारे उपग्रह आले, आणि या गृहस्थानं त्यांच्याशी सोयरीकच जमवली. कुठल्या दिवशी कोणता उपग्रह वऱ्हाडावरून जाणार, हे त्याला तोंडपाठ. त्या दिवशी दुपारच्या तासाला तो शिकवता शिकवता थांबायचा. खिशातून कंगवा काढायचा. भांग नीट पाडायचा. शर्ट आत खोचायचा. मग वर्गाला म्हणायचा, "जाऊन राहिला वरून. जरा नीट बसा."

आणि वर्ग नीट बसायचा! शेवटच्या बाकावरचे, माझ्या तासाला ज्यांची मान टेबलावरून उठत नसे, ते पोरगे ताठ बसायचे. पोरी ओढण्या सारख्या करायच्या. मी व्हरांड्यातून हे पाहिलेलं आहे. व्हरांड्यात मला काही काम नव्हतं, हेही खरं.

एकदा मी त्याला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर गाठलं. म्हटलं, "भूगोल, त्या उपग्रहाला तुझा भांग दिसत नाही. त्याला अख्खं अकोलासुद्धा एका ठिपक्याएवढं दिसतं."

"मले मालूम हाय."

"मग कंगवा कशाला?"

"अबे, पाव्हणा रस्त्यानं जाऊन राहिला, तर घरात येवो का न येवो, आपण अंगण झाडतोच ना?"

स्टाफरूम हसली. केमिस्ट्रीनं टेबलावर थाप मारली. माझ्याकडे उत्तर तयार होतं, पण ते मला मूर्तिजापूर गेल्यावर गाडीत सुचलं.

*

अमरावतीला आमच्या कॉलनीत गणपती बसायचा. मंडळाचे लोक दर वर्षी एक व्याख्यान ठेवत. त्या वर्षी विषय होता तापत चाललेली पृथ्वी. मंडप माझ्या घरासमोर, खुर्च्या माझ्या ओट्यावर ठेवलेल्या, माइकची वायर माझ्या खिडकीतून गेलेली. वक्ता अकोल्याहून बोलावला. भूगोल.

मंडळाचा अध्यक्ष मला म्हणाला, "सर, तुमची त्याईच्याशी ओळख हाय म्हणते. जरा आणता का त्याईले?" म्हणजे मी वीज द्यायची आणि वक्ताही आणायचा.

मी आणला. रस्ताभर मनात म्हणत होतो, घशाला काही होवो याच्या. पण त्याचा आवाज म्हणजे गुळाची ढेप. तो उभा राहिला, कंगवा फिरवला, आणि म्हणाला, "माय-बहिणींनो, तुमच्या घरी लाडवाचा डबा हाय काय?"

हाय, म्हणाल्या सगळ्या.

"डबा उघडला अन् बेसनाचे कमी झाले, त समजायचं बाप येऊन गेला. डिंकाचे कमी झाले, त सासू. रव्याचे कमी झाले, त पोट्टे. बराबर? चोर पाहाचं काम नाही. काय कमी झालं थे पाहा, चोर समजते. थो वरचाबी असंच करते. सूर्याचा उजेड खाली येते, जमिनीले लागून परत वर जाते. हवेतला एकेक गॅस त्या उजेडातून आपापल्या आवडीचा लाडू खाते. वरचा फक्त डबा उघडून पायते, कोणता लाडू किती कमी झाला."

मी हीच गोष्ट बावीस ओळींच्या समीकरणांनी फळा भरून शिकवत आलो होतो. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला नव्हता, तो माझ्या कॉलनीतल्या झाडून सगळ्या बायकांच्या चेहऱ्यावर त्या मिनिटाला पडला. पहिल्या रांगेत माझी बायको. ती तर डोळे पुसून हसत होती. लग्नापासून तिला मी निदान शंभरदा वर्णपट समजावून सांगितला असेल.

घरी आल्यावर मी म्हटलं, "काही विशेष नव्हतं. मीही हेच सांगतो."

ती ताट वाढत होती. म्हणाली, "त्याईचं ऐकावं वाटते. तुमचं ऐकावं लागते."

*

तो पिंजाऱ्याच्या घरातला. अकोल्याच्या जुन्या वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि बाप गाद्या भरायचा. बाप गेल्यावरही ते धनुष्यासारखं पिंजण भिंतीवर टांगलेलं होतं. ईदला मी शीरखुर्मा खायला जायचो. तिथेही तो दोन वाट्या पचवायचा आणि पोट दिसायचं नाही. एकदा ईदला त्यानं पिंजणाच्या तारेवर बोट मारलं. टणत्कार झाला.

"लोक म्हणतेत हवा दिसत नाही. आमच्या घरात दिसत होती, मियाँ. अब्बा रुई पिंजायचे, कवाडातून उन्हाची पट्टी यायची, अन् तिच्यात तंतू उडायचे. कोणी आलं, कोणी गेलं, कोणी नुसता उसासा टाकला, तरी समदे तंतू हलायचे. माय रडून राहिली का नाही, हे मी तिच्या तोंडाकडं न पायता सांगू शकत होतो."

मी घरी येताना गाडीत विचार करत होतो, माझ्या बालपणात असं काय होतं? माझ्या वडिलांचं किराणा दुकान. त्यात हवा होती, पण तिला हिंगाचा वास यायचा. माणसानं दुसऱ्याच्या केसांचा हेवा करावा, आवाजाचा करावा. मी त्याच्या घरातल्या धुळीचाही करत होतो.

*

ती वर्षं अशी होती, की जो तो वऱ्हाडाकडे पाहायला यायचा. पाऊस वेळेवर येईना, आला तर जाईना, कापसाची बोंडं भिजून काळी पडत. दर आठवड्याला एखादा अभ्यासगट, एखादा मंत्री, एखादी कॅमेरेवाली गाडी. खालून अभ्यासगट पाहत होते आणि वरून उपग्रह. आमच्या लोकांना स्वतःला बघू द्यायची सवय झाली होती. आणि ज्याच्याकडे 'उपग्रह' हा शब्द आहे, त्याला प्रत्येक जण एकच विचारायचा: पाऊस केव्हा?

भूगोल कुणालाच सांगत नसे. "पाऊस माझ्या खात्यात नाही, भाऊ. हवेनं काय खाल्लं तेवढं मी सांगतो." पाऊस माझ्याही खात्यात नव्हता. पण मला कोणी विचारत नव्हतं, म्हणून मी न विचारता सांगायचो. प्राचार्यांच्या मिसेसना मी आठ दिवस कडक ऊन सांगितलं. त्यांनी गच्चीवर अख्ख्या वर्षाच्या कुरडया घातल्या. संध्याकाळी अवकाळी आला. त्यानंतर प्राचार्य मला पाहिलं की आधी आभाळाकडे बघायचे.

तेल्हाऱ्याकडे माझी सासुरवाडी. त्या गावात एकदा त्याचं बोलणं झालं. झाल्यावर कापूस वेचून आलेली एक बाई उठली आणि म्हणाली, "सर, थो वरून पायते म्हणता, त मी दिसते काय त्याले?"

मी पुढच्या खुर्चीवरून लगेच "नाही" म्हणणार होतो. बरोबर उत्तर 'नाही' हेच आहे. भूगोलानं मला हातानं थांबवलं.

"एकटी नाही दिसत, माय. मीबी एकटा नाही दिसत. समदे मिळून दिसतो."

बाई म्हणाली, "मंग बरं हाय. मी एकटी कामावर नाही गेली त त्याले समजत नाही."

गाव हसलं. तोही हसला, सगळ्यात मोठ्यानं. गावात त्याला तेव्हापासून 'हवावाले सर' म्हणू लागले. मला 'जावई' म्हणत.

*

आता पेटीची गोष्ट.

उपग्रहाचा आकडा बरोबर आहे का, हे जमिनीवरून ताडून पाहावं लागतं. त्यासाठी हैदराबादच्या एका संस्थेनं आमच्या कॉलेजला हवा मोजायची एक पेटी दिली. सुटकेसएवढी, तिला एक नळी. नळीतून हवा ओढायची आणि मिथेन व कार्बन डायऑक्साइड किती ते पडद्यावर दोन रेघांनी काढत जायची. संस्थेचं म्हणणं, पेटी कायमची एकाच विभागाकडे राहील. प्राचार्यांनी न्याय केला: थोडे दिवस भूगोलाकडे, थोडे दिवस फिजिक्सकडे. मग संस्थेचे लोक येतील, दोघांचं ऐकतील, आणि ठरवतील.

मला ती पेटी हवी होती. इतकी हवी होती, की मी तिच्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत टेबल रिकामं करून, वर प्लास्टिकचा फुलांचा टेबलक्लॉथसुद्धा अंथरला होता. आयुष्यात एक तरी गोष्ट अशी असावी जी त्याच्याकडे नाही आणि माझ्याकडे आहे. डोक्यावर तर काही उगवण्याची आशा नव्हती.

भूगोलानं त्याच्या दिवसांत पेटी शहरभर फिरवली, नेहमीचे आकडे आणले. मी ठरवलं, आपण असं काही आणायचं की डोळे दिपले पाहिजेत. शिवाय उपग्रह जाणार त्या दिवशीचंच मोजमाप पाहिजे. तारखा पाहिल्या आणि पोळ्याचा दिवस निवडला. त्याची कारणं मी आजही अभिमानानं सांगू शकतो. एक, पोळ्याची कॉलेजला सुट्टी. दुसरं, त्या काळी भारनियमनानं गावोगाव अंधार असायचा, पण सणाच्या दिवशी वीज कापत नसत. आणि तिसरं, सासूबाईंच्या हातची पुरणपोळी. इतका सर्व बाजूंनी विचार करून क्वचितच कुणी शास्त्रज्ञानं प्रयोगाचा दिवस निवडला असेल.

सकाळीच सासुरवाडीला पोचलो. विजेचा खात्रीचा पॉइंट मारुतीच्या देवळात. देवळापुढे आखर, म्हणजे गावाची गुरं जमतात ती मोकळी जागा. देवळाच्या ओट्यावर पेटी ठेवली, नळी आखराकडे सोडली, आणि घरी जाऊन जेवायला बसलो. जावई एकदा जेवायला बसला की त्याच्या हातात काही राहत नाही. तुपाची धार, आमटी, आणखी एक, माझ्या गळ्याची शपथ. मग बाजेवर आडवा झालो. झोपेत मला डफ ऐकू आला, घुंगरं ऐकू आली, कुणीतरी तुकबंदीच्या झडत्या म्हणत होतं आणि लोक ओरडून दाद देत होते. मला वाटलं, माझा सत्कार चालू आहे.

ऊन उतरल्यावर जाऊन पेटी आणली. पडदा पाहिला, बाहीनं पुसला आणि पुन्हा पाहिला. मिथेनची रेघ दुपारपर्यंत सपाट, आणि मग टेकडीसारखी वर चढलेली! आमच्या सपाट काळ्या मुलखात एवढी टेकडी!

त्या गावाखालचा पट्टा खारपाणाचा. विहिरीचं पाणी मचूळ. मी तिथल्या तिथे शोध लावला: जमिनीखाली नैसर्गिक वायूचा साठा आहे आणि तो दुपारच्या उन्हानं भेगांतून वर येतो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "एकदा भूगोलसरांना विचारा." हे वाक्य ऐकल्यावर विचारणं शक्यच नव्हतं.

पॅसेंजरमध्ये माझ्या समोर एक वार्ताहर बसायचा. त्याला फक्त सूचित केलं. दुसऱ्या दिवशी ठळक बातमी: खारपाणपट्ट्यात वायूचा खजिना? प्रश्नचिन्ह इतकं बारीक छापलं होतं की ते शाईचा डाग वाटत होतं. गावात काय झालं म्हणता! तरणीताठी मंडळी आखरावर ठिकठिकाणी काडी ओढून पाहू लागली. पेटल्या त्या फक्त बिड्या. चहाच्या टपरीवाल्यानं 'गॅस पॉइंट' अशी पाटी लावली. मेव्हणा फटफटीवरून रुबाबात फिरू लागला. सासरे, जे मला लग्नापासून "बरं हाय ना?" यापलीकडे काही बोलले नव्हते, ते फोनवर म्हणाले, "जावई, नाव काढलं." मी आरशात पाहिलं. टक्कलसुद्धा विद्वानासारखं दिसत होतं.

*

संस्थेचे लोक आले. एक वयस्क बाई मुख्य होत्या, दोघं तरुण बरोबर. प्राचार्यांच्या खोलीत पडदा लावला. मी टेकडी दाखवली, खारपाण सांगितलं, भेगा सांगितल्या. बाई चष्मा सारखा करून बराच वेळ पाहत राहिल्या. प्राचार्य कुरडया विसरून माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मग बाईंनी भूगोलाला विचारलं, "आपको क्या लगता है?"

तो उठला. कंगवा फिरवला. मी मनात म्हटलं, बोल, आता काय बोलतोस ते बोल.

"फिजिक्स," तो म्हणाला, "टेकडी दुपारी चढली अन् दिवेलागणीच्या आत उतरली. जमिनीतला गॅस काय हाफ डे लावून आला होता?"

"उष्णतेमुळे."

"मंग दुपारपर्यंत रेघ सपाट काहून? ऊन त सकाळपासूनच तापलं होतं." तो माझ्याजवळ आला आणि एकदम हळू आवाजात, जणू घरातली गोष्ट असावी तसं, म्हणाला, "अबे, त्या दिवशी पोळा होता ना?"

पहिल्यांदा हसला तो दारातला शिपाई. मग प्राचार्य. मग मला स्वतःला ऐकू आलं ते डफ, ती घुंगरं. गावातले झाडून सगळे बैल, अंगावर झुली, शिंगांना रंग, पोटात ठोंबरा, म्हणजे सणासाठी शिजवलेली ज्वारी, दुपारभर माझ्या नळीसमोर तोरणाखाली उभे राहून मिथेनचे ढेकर देत होते. आणि मी त्यांच्यातलाच एक, बाजेवर.

त्या हैदराबादच्या बाईंना काही कळेना. भूगोल त्यांच्याकडे वळला. मला वाटलं, आता हा माझी सालटी काढणार. मी असतो तर काढली असती.

"मॅडम, मशीन सच बोली. सर भी सच बोले. सिर्फ कौन बोल रहा था, वो पहचानने में चूक हुई. हमारे बैल बोल रहे थे." आणि मग त्याचे डोळे चमकले. ती चमक मला ओळखीची होती. मला नेहमी तिच्यानंतर काहीतरी गमवावं लागायचं. "मॅडम, सोचिए. साल में एक दिन पूरे गाँव के बैल नहा-धोकर, सज-धजकर, एक जगह, एक वक्त पर, चुपचाप लाइन में खड़े रहते हैं. दुनिया में जानवर गिनने के लिए ऐसा इंतजाम कहीं है? हर साल नापेंगे. इसी आखर पर, इसी नली से."

बाईंनी टेबलावर हात आपटला. दोन्ही तरुण लिहू लागले. पेटी भूगोलाकडे गेली. माझा फुलांचा टेबलक्लॉथ बायकोनं शिवणयंत्रावर घातला.

पुढं तो 'पोळ्याचा प्रयोग' गाजला. परदेशातल्या एका परिषदेत त्यानं तो सांगितला. पडद्यावर माझ्या सासऱ्यांच्या बैलाचा फोटो होता, बाशिंग बांधलेला. शेवटी आभारात आधी बैलाचं नाव, चांद्या, आणि मग माझं. आल्यावर तो भेटेल त्याला सांगत सुटला, "डोकं फिजिक्सचं हाय बरं. माझं काही नाही." एकाही माणसानं विश्वास ठेवला नाही. उलट सगळे म्हणाले, "किती मोठ्या मनाचा माणूस!" म्हणजे चूक मी केली, प्रसिद्धी त्याची, आणि ती मला परत करण्याचा मोठेपणाही त्याचाच. माणसानं करावं तरी काय?

*

दर पोळ्याला तो पेटी घेऊन त्या गावी जायचा. मी जावई म्हणून जायचोच. तो ओट्यावर बसायचा, मी बाजूला. पहिल्या वर्षी टेकडी होती तशी आली. नंतर ती थोडी खाली बसली. मग आणखी. चारा महागला होता, ट्रॅक्टर भाड्यानं मिळत होते, आणि बैल बाजाराच्या रस्त्यानं जात होते. सासऱ्यांची जोडी गेली त्या वर्षी तोरणाखाली एक जागा मोकळी राहिली आणि कुणी ती भरली नाही. सासरे घरातून बाहेर आले नाहीत. भूगोल त्यांच्याकडे गेला आणि दिवेलागणीपर्यंत बाजेवर शेजारी बसला. हे त्याला कसं सुचलं? मी तर बाहेरून येताच "जोडीचे किती आले?" असं विचारून बसलो होतो.

एका वर्षी टेकडीचा नुसता धुरा राहिला, शेतातल्या बांधाएवढा. त्याच सुमारास संस्थेचं पत्र प्राचार्यांना आलं: या भागात मिथेन घटतो आहे, निष्कर्ष उत्साहवर्धक. स्टाफरूममध्ये पेढे आले. केमिस्ट्री म्हणाले, "अभिनंदन, भूगोल! तुमच्या राज्यात हवा सुधारली."

त्यानं पेढा हातात घेतला. खाल्ला नाही. त्या दुपारी उपग्रह जाणार होता, हे मला ठाऊक होतं. न सांगता मलाही आता पाठ झालं होतं. त्यानं कंगवा काढला, पाहिला, परत खिशात ठेवला.

"वरून पाहणाऱ्याले बरं दिसून राहिलं, फिजिक्स," तो म्हणाला.

एवढंच. आणि मी काय विचार करत होतो? हाच, की दुःखसुद्धा या माणसाला किती शोभतं. माझं दुःख दातदुखीसारखं दिसतं.

*

तो निवृत्त झाला आणि मुलीकडे भोपाळला गेला. फोन येतो. केस अजून आहेत, असं तो न विचारता सांगतो. पेटी रीतसर माझ्याकडे आली. इतकी वर्षं वाट पाहिलेली पेटी! मी प्रयोगशाळेचं दार लावून उघडली. झाकणाच्या कप्प्यात त्याचा कंगवा होता.

मी लगेच फोन लावला. "हा टोमणा आहे काय?"

"राहू दे पेटीत. लागते," तो म्हणाला, आणि हसत राहिला. मी फोन आपटला.

त्या वर्षी पोळ्याला उपग्रहही येणार होता. मी पेटी घेऊन गावी गेलो. पुरणपोळी खाल्ली, पण दोनच, आणि बाजेकडे पाहिलंसुद्धा नाही. देवळाच्या ओट्यावर नळी सोडून बसलो. येणारा-जाणारा विचारत होता, "हवावाले सर नाही आले?" नाही, म्हटलं. "काहून?" निवृत्त झाले. "बरं." आणि मग माझ्याकडे असं पाहून पुढं जायचा, जसं पंगतीत वाढपी पुढच्या पानावर जातो.

आखरावर तोरण होतं. खाली ट्रॅक्टर. फुगे लावलेले, झेंडूच्या माळा घातलेले, इंजिन चालू ठेवून उभे. कार्बन डायऑक्साइडची रेघ थयथय नाचत होती. मिथेनची सपाट. शाळेत रेघा मारायला घ्यावी अशी पट्टी.

बऱ्याच उशिरा एक म्हातारा जोडी घेऊन आला. गावातली तेवढीच उरली होती. बैलही म्हातारे, पण शिंगं ताजी रंगवलेली, पाठीवर झूल, झुलीला आरशाच्या टिकल्या. त्यानं ट्रॅक्टरवाल्यांना हात केला. त्यांनी मुकाट्यानं इंजिनं बंद केली. आखर एकदम शांत झालं. म्हातारा बैलांना थेट माझ्या नळीपाशी घेऊन आला. कुठं उभं करायचं ते त्याला माहीत होतं. थोड्या वेळानं रेघ जराशी उचलली. अंगावर मुंगी चढावी तेवढी.

"आले काय आमचे?" त्यानं विचारलं.

"आले."

"अन् वरून? थो जाणार हाय म्हणते ना आज. त्याले दिसन काय आमची जोडी?"

बरोबर उत्तर मला येत होतं. एका ठिपक्यात इतके किलोमीटर, अमुक इतकी संवेदनक्षमता. मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"एकटी नाही दिसत, बाबा. समदे मिळून दिसते."

माझ्या तोंडून गावात निघालेलं पहिलं बरं वाक्य. तेही त्याचं.

म्हाताऱ्यानं मान वळवली. तोरण पाहिलं, ट्रॅक्टर पाहिले, मधली मोकळी जागा पाहिली. म्हणाला, "समदे कुठं हायेत आता, जावई?"

 भूगोल असता तर त्याला उत्तर आलं असतं. काय, ते मला अजूनही सुचलेलं नाही, मूर्तिजापूर किती वेळा ओलांडलं तरी. त्याच्या केसांचा, आवाजाचा, बापाच्या पिंजणाचा मी हेवा केला. पण त्या न सुचलेल्या उत्तराचा जितका केला, तितका कशाचाच नाही.

म्हाताऱ्यानं माझी वाट पाहिली नाही. त्यानं आभाळाकडे नजर टाकली, टोपी सारखी केली, सदऱ्याची गुंडी लावली. मग उपरण्यानं एका बैलाचं तोंड पुसलं, दुसऱ्याचं पुसलं.

"जाऊन राहिला असन आता वरून," तो म्हणाला. "तुमीबी जरा नीट उभे राहा."

मी ओट्यावरून उतरलो. शर्ट आत खोचला. पेटीचं झाकण उघडलं, कप्प्यातून कंगवा काढला, आणि बैलांच्या शेजारी उभं राहून उघड्या टाळूवरून हळूच फिरवला. कुणी हसलं नाही.